आधी इमानाली, मग बाकीचे

रिस्पेकने ती स्क्रिप्ट लिहिली ती निव्वळ चहापायी. पुढे खात्याच्या अहवालात 'आधुनिकीकरणाचं पहिलं पाऊल' वगैरे छापून आलं, ते सगळं झूट. माणूस चहाला कंटाळला होता, एवढंच.

चहाला कधी कोणी कंटाळतं का, असं म्हणत असाल, तर इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या एखाद्या कालवे कचेरीत तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलेले नाही. आमच्या कचेरीत टेबलं वीस-बावीस. प्रत्येकावर एक कॉम्प्युटर, तोही युनिक्सच्या जातीचा, कारण ही जात फुकट मिळते आणि फुकट म्हटल्यावर आमचं खातं कशालाच नाही म्हणत नाही. राजधानीहून नवा प्रोग्राम आला की रिस्पेकने पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलाशी जायचं. आता टेबलाशी आलेला माणूस म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला कोरडा धाडला तर सात पिढ्यांना बट्टा. बरं, चहा पियाल्यात अर्धाच ओततात. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ 'पी आणि चालायला लाग' असा होतो. म्हणजे ज्याच्यावर माया जास्त त्याला अर्धे पियाले जास्त. वर पाव मोडा, जर्दाळूचा मुरंबा चाखा, कुणाची सून कशी निघाली ते ऐका. पाचव्या टेबलाशी रिस्पेकच्या पोटातच कालव्याची पाळी सुरू व्हायची, आणि कचेरीचा संडास अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला. हातात पेनड्राइव्ह घेऊन तो अंगणातून पळत निघाला की खिडकीतून लोक म्हणायचे, "बघा, रिस्पेक किती कामसू!"

या खेपेला मात्र गोष्ट गंभीर होती. संगणक विभागाचे प्रमुख निवृत्त झाले होते, त्यांची चाकांची खुर्ची रिकामी होती, आणि सेहेचाळीस वर्षांचा रिस्पेक अजून 'कनिष्ठ तंत्रज्ञ' होता. डायरेक्टर शामिरबेक यांनी त्याला बोलावून सांगितलं, "पाणीवाटपाचा नवा प्रोग्राम आलाय. शनिवारी पहाटे बागांची पाळी सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळच्या आत सगळ्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसला आणि पाळीपत्रक छापून निघालं, तर ती खुर्ची तुझी. नाही निघालं, तर जर्दाळूवाले माझ्या डोक्यावर बसतील आणि मी तुझ्या."

रिस्पेकने ही गोष्ट बायकोला, बेगाइमला, सांगितली आणि वर बजावलं, "कुठे बोलू नकोस." बेगाइमने फक्त आईला सांगितलं. आईने फक्त गावाला सांगितलं. गुरुवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, शनिवारी मेंढा कापतेय. चाळीसेक माणसं सांगितलीत."

"आपा, अजून खुर्ची मिळाली नाही हो!"

"मेंढा तर मिळालाय ना? मग झालं तर."

सासूबाईंचा एक जावई कस्टमात होता, दुसरा दातांचा डॉक्टर. रिस्पेकची ओळख त्या गेली वीस वर्षं 'हा आपला वायरी जोडतो' अशी करून देत. त्यामुळे त्या मेंढ्याच्या मानेवर काय काय टांगलेलं होतं हे रिस्पेकला पक्कं ठाऊक होतं.

आणि म्हणून त्याने स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे काय, तर मशीनला आधीच लिहून दिलेला निरोप: हे कर, ते कर, इथलं झालं की पुढच्या दारी जा. मुख्य मशीनवर बसून एकदा आज्ञा दिली की सगळ्याच टेबलांवरचा जुना प्रोग्राम निघेल, नवा बसेल, आणि रिस्पेकला खुर्चीवरून ढुंगण हलवावं लागणार नाही. सगळा निरोप चार ओळींचा. तो त्या चार ओळींतच राहिला असता तर आज रिस्पेक सुखी असता. पण मोठं काम केलेल्या माणसाला ते पोटात ठेववत नाही. दुपारी जेवताना तो बोलून गेला.

पहिल्या आल्या हिशेबनीस क्लारा ओस्मोनोव्ना, सगळ्यांच्या एजे, म्हणजे ताई. कचेरीतल्या शिष्टाचाराची सगळी मक्तेदारी त्यांच्याकडे.

"म्हणजे न विचारता माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरणार?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "चोर आहे का तो?"

"क्लारा एजे, तो प्रोग्राम आहे. त्याला काय विचारायचं असतं?"

"त्याला नाही, मला विचारायचं असतं! दारात उभं राहावं, सलाम करावा, तब्येत विचारावी, घरच्यांची विचारावी, गुराढोरांची विचारावी, मग कामाचं बोलावं. तुझ्या आईने शिकवलं नाही का काही?"

प्रकरण आईपर्यंत गेलं. रिस्पेकने स्क्रिप्टमध्ये सलाम घातला, तब्येत घातली, गुरंढोरं घातली आणि शेवटी विचारलं, 'नवा प्रोग्राम बसवू का? हो / नको.' क्लाराबाईंच्याच टेबलावर चाचणी घेतली. बाईंनी प्रश्न वाचला, प्रसन्न झाल्या आणि 'नको' दाबलं. स्क्रिप्ट मुकाट्याने परत गेली.

"का हो नको?"

"अरे, हवंच होतं मला! पण पहिल्यांदा विचारल्याबरोबर कुणी 'हो' म्हणतं का? उपाशी म्हणतील लोक. आग्रह कर की जरा! आग्रहाशिवाय आमच्या घरी मांजरसुद्धा जेवत नाही."

रिस्पेकने आग्रह घातला. एकदा 'नको' आलं तर तो लाजरेपणा समजायचा, दुसऱ्यांदा आलं तर तोही लाजरेपणाच, तिसऱ्यांदा आलं तर मात्र खरंच नको. चार ओळींच्या चाळीस झाल्या.

मग स्वतः डायरेक्टरसाहेब आले. "कुणाच्या कॉम्प्युटरपासून सुरुवात?"

"नेटवर्कमध्ये जो आधी सापडेल त्याच्यापासून, शामिरबेक बाइके."

आमच्याकडे साहेबालासुद्धा बाइके, म्हणजे दादाच म्हणतात. बाइके खुर्चीत ताठ झाले. "आधी सापडेल तो? आणि इमानाली आक्साकाल बसलेले असताना? जेवणात थोरल्याने हात घालायच्या आधी तू ताटात हात घालतोस का?"

इमानाली हे कचेरीतले आक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे थोरले. कालव्यावर उभं आयुष्य गेलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तरी रोज येत. येऊ नका असं सांगण्याइतका उद्धट माणूस खात्यात भरती झाला नव्हता. त्यांना मानाचं टेबल होतं, टेबलावर मानाचा कॉम्प्युटर, आणि त्यावर क्रोशाचं झाकण.

"वयाप्रमाणे क्रम लाव," साहेब म्हणाले. "आधी इमानाली, मग बाकीचे. थोरल्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं सुरू होता कामा नये. आणि थोरल्याने तिसऱ्यांदा नको म्हटलं, तर सगळंच थांबायचं. त्यांना नको ते आपण कसं घ्यायचं?"

रिस्पेकने तेही घातलं. उठता उठता साहेबांनी विचारलं, "आणि ही आज्ञा द्यायचा अधिकार कुणाचा?"

"रूटचा, बाइके. रूट म्हणजे युनिक्समधला सर्वाधिकारी. तो कुणालाही न विचारता काहीही करू शकतो."

"आणि तो कोण आहे?"

"मीच," रिस्पेक भोळेपणाने म्हणाला.

खोलीतली हवा बदलली. कनिष्ठ तंत्रज्ञ सर्वाधिकारी, आणि डायरेक्टर कोण? भिंतीवरचं कॅलेंडर? साहेबांनी तिथल्या तिथे मुख्य मशीनचा पासवर्ड बदलायला लावला आणि नवा पासवर्ड, रिस्पेकला भिंतीकडे तोंड करायला सांगून, स्वतःच्या एका बोटाने टाइप केला.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी पुन्हा पासवर्ड घातला असता, पण त्याची गरज पडली नाही. मशीन आदल्या दिवसापासून उघडंच होतं. सगळे जमले. साहेबांनी दोन शब्द म्हणून वीस मिनिटं भाषण केलं आणि एन्टर दाबलं. रिस्पेकने मशीनला कुलूप घातलं, कारण खुद्द त्यांचीच तशी आज्ञा होती.

पाहुणे यायच्या आधी घर झाडून घ्यावं, तसा रिस्पेकने एक टप्पा सुरुवातीला ठेवला होता: आधी सगळीकडचा जुना प्रोग्राम काढून टाकायचा. तो टप्पा झकास पार पडला. मिनिटभरात सगळ्या टेबलांवरचा जुना प्रोग्राम गायब. मग प्रत्येक पडद्यावर अक्षरं उमटली: 'आक्साकालांचं व्हायचं आहे. कृपया थांबा.'

सगळे थांबले. मोठ्यांसाठी थांबण्याची सवय सगळ्यांनाच. कुणीतरी चहा टाकला. तासाभराने क्लाराबाई म्हणाल्या, "पण आक्साकाल आहेत कुठे?"

आक्साकाल पलीकडच्या गावी मुलीकडे गेले होते. नातू चालायला लागला होता, आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या पायांना बांधलेली दोरी कापायचा समारंभ होता.

रिस्पेक साहेबांकडे धावला. "बाइके, पासवर्ड द्या. एक ओळ काढतो, आक्साकालांचं नाव तेवढं खाली नेतो, बाकीच्यांचं आत्ता होईल."

"आक्साकालांचं नाव खाली? ते परगावी असताना? त्यांच्या पाठीमागे?"

"मग स्क्रिप्ट बंद तरी करू द्या!"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं. "पासवर्ड मी योग्य वेळी सांगेन."

"विसरलात का, बाइके?"

"डायरेक्टर विसरत नसतो," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम वेगळंच सांगत होता.

एव्हाना अंगणात जर्दाळूवाले जमायला लागले होते. पाळीपत्रकाशिवाय कुणाच्या बागेत पाणी कधी, कोण सांगणार? मागल्या वर्षी एकाच पाण्यावर दोघांनी हक्क सांगितला तेव्हा एकाचा दात गेला होता आणि तो दात बसवायला रिस्पेकचा साडू होता. या खेपेला हातातल्या कुदळी पाहता काम दातावर भागेल असं दिसत नव्हतं. जुना प्रोग्राम गेला, नवा आला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. त्यात बेगाइमचा फोन: "आई विचारतेय, सूप आधी वाढायचं की तुमच्या सत्काराचं भाषण?"

रिस्पेक आपली खिळखिळी गाडी काढून पलीकडच्या गावी गेला. तिथे काय झालं ते सांगायला नकोच. दारात पाहुणा आला! त्याला आत ओढला, वरच्या अंगाला बसवला, पाव मोडला, चहा ओतला. अर्धा. पुन्हा अर्धा. ज्या चहापासून पळण्यासाठी माणसाने युनिक्सला कामाला लावलं, तोच चहा त्याने गुडघ्यांवर बसून, घड्याळाकडे चोरून बघत, घशाखाली ओतला. शेवटी इमानाली आक्साकालांनी तळवे वर करून आशीर्वाद म्हटला, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि सगळे उठले.

"चल," ते म्हणाले. "एवढ्या लांब मला बोलवायला आलास, म्हणजे काम मोठं असणार."

कचेरीत पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. रिस्पेकने क्रोशाचं झाकण उचललं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्याने खोक्याचं झाकण काढून आत पाहिलं. आत काही नव्हतंच. कधीतरी साहेबांचा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा याची आतडी काढून त्यात घातली होती, आणि आक्साकालांना वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं नव्हतं.

"आक्साकाल, हा तर पोकळ आहे!"

"ठाऊक आहे मला," म्हातारा शांतपणे म्हणाला. "मी रोज त्या काचेत बघून टोपी नीट करतो. पण तुम्ही एवढ्या मानाने दिलेला, तर कशाला बोला?"

मुख्य मशीन सकाळपासून एका रिकाम्या खोक्याच्या होकाराची वाट बघत होतं! पण संकटात माणसाचं डोकं चालतं. मुख्य मशीन हातचं गेलं असलं तरी विभागप्रमुखांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर अजून त्याच्याच ताब्यात होता, आणि स्क्रिप्ट कॉम्प्युटर ओळखायची ती नुसत्या नावावरून. त्याने त्या कॉम्प्युटरचं नाव बदलून 'इमानाली' ठेवलं. क्षणभर काही हललं नाही. मग पडद्यावर सलाम उमटला. रिस्पेकने आक्साकालांना हाताला धरून आणलं आणि त्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. समोर खुर्ची एकच होती. चाकांची.

पाठीमागे सगळी कचेरी, दारात जर्दाळूवाले. आक्साकालांनी चष्मा लावला.

"अरे वा! तब्येत विचारतोय. बरी आहे रे बाबा. गुरं? तांबड्या गाईचा पाय दुखावलाय, बाकी ठीक. बघा, किती अदबीचा आहे! माझा मुलगा फोन करतो, त्याला गाईची आठवण होत नाही." मग त्यांनी प्रश्न वाचला, मान हलवली आणि 'नको' दाबलं.

"आक्साकाल!"

"साहेब उभे आहेत, आधी त्यांना दे."

पडदा म्हणाला, 'असं कसं, आक्साकाल? घ्याच ना थोडं.' हे शब्द क्लाराबाईंचे. त्यांनी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. म्हातारा खुदकन हसला. "आग्रहीसुद्धा आहे हो!" आणि पुन्हा 'नको'. "ही बागवाली मंडळी सकाळपासून ताटकळतायत आणि मी आधी घेऊ? शोभतं का?"

पडद्यावर तिसरा प्रश्न आला. हा शेवटचा. या 'नको'नंतर स्क्रिप्ट मरणार होती आणि तिच्याबरोबर पाळीपत्रक, जर्दाळू, खुर्ची आणि सासूबाईंसमोर वर करायचं तोंड. "आता हो म्हणा, आक्साकाल," रिस्पेक हळूच म्हणाला. साहेबही अदबीने म्हणाले, "घ्या ना, आक्साकाल." आग्रह झाल्यावर म्हातारा आणखीच संकोचला. "नाही नाही, तुम्ही घ्या," म्हणत त्यांचं बोट 'नको'कडे निघालं.

"अहो म्हातारबुवा, 'हो' दाबा ना!" रिस्पेक किंचाळला. "पुरे झाली नाटकं!"

एका जर्दाळूवाल्याने घाबरून टोपी काढली. आमच्याकडे थोरल्यावर घोडासुद्धा खिंकाळत नाही. आक्साकालांनी मान वळवून रिस्पेककडे एकदा पाहिलं आणि 'हो' दाबलं.

मग धबधबा सुटला. वयाप्रमाणे एकेका टेबलावर सलाम उमटू लागला आणि खात्याच्या इतिहासात प्रथमच सगळ्यांनी पहिल्या प्रश्नालाच 'हो' म्हटलं. आग्रहाची वाट बघायची कुणाची छाती नव्हती. अंधार पडायच्या आत पाळीपत्रक छापून निघालं. जर्दाळूवाले कुदळी खांद्यावर टाकून निघून गेले. रिस्पेक घाम पुसत उभा होता तेव्हा क्लाराबाई त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या. पियाला काठोकाठ भरलेला होता.

तो भरलेला पियाला सांभाळत रिस्पेक साहेबांकडे गेला. "बाइके, काम झालं. ती खुर्ची..."

"शाबास," साहेब पडल्या आवाजात म्हणाले. "पण खुर्चीत आक्साकाल बसलेत. त्यांना उठा म्हणू मी? तेही तू त्यांच्यावर ओरडल्यावर? शिवाय मुख्य मशीनच्या लेखी तो कॉम्प्युटर इमानालींचा आहे."

"मी बदलतो ना! फक्त पासवर्ड..."

"योग्य वेळी," साहेब म्हणाले.

शनिवारी मेंढा कापला गेला. मेंढ्याला कुणी काही कळवलं नव्हतं आणि चाळीस पाहुण्यांनाही. सासूबाईंनी नव्या विभागप्रमुखांना अगत्याने बोलावणं धाडलं होतं. ते टोपी नीट करून आले आणि वरच्या अंगाला बसले. त्यांच्या शेजारी कस्टमवाला, मग दातवाला. रिस्पेक दाराजवळ, चहाच्या किटलीपाशी. बेगाइम त्याच्याकडे बघत नव्हती, हीच तिची मेहेरबानी.

मेंढ्याचं डोकं रीतीप्रमाणे थोरल्यांसमोर आलं. इमानाली आक्साकालांनी सुरी घेतली, कान कापला आणि हात लांब करून म्हणाले, "रिस्पेक, घे बाळा."

रिस्पेकच्या कानशिलांना आग लागली. मेंढ्याचा कान घरातल्या लहान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकत जावं म्हणून.

"आक्साकाल, मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. नको."

"घे ना थोडं."

"नको, खरंच."

"घे रे."

"नको!" रिस्पेक म्हणाला. तिसऱ्यांदा. त्याच्या हिशेबाने विषय संपला.

आक्साकालांचा हात तसाच. "तीनदाचा नियम तुझ्या त्या स्क्रिप्टमध्ये. मेंढ्याच्या कानाला मोजणी नसते."

थोरल्यांचं झाल्याशिवाय कुणी ताटाला हात लावणार नव्हतं. मांस निवत होतं. चाळीस माणसं रिस्पेककडे बघत होती. मागून सासूबाई गरजल्या, "अहो जावईबापू, घ्या ना! पुरे झाली नाटकं!"

रिस्पेकने कान घेतला आणि तोंडात घातला. सगळ्यांनी 'बिस्मिल्ला' म्हणून ताटात हात घातले.

"कसा आहे?" आक्साकालांनी विचारलं.

"मऊ आहे," रिस्पेक चावत म्हणाला.

"छान. मग सोमवारी वेळेवर ये. आणि येताना त्या खुर्चीसाठी एक उशी घेऊन ये रे. फार टोचते. आणशील ना?"

"हो," रिस्पेक म्हणाला, पहिल्याच विचारण्याला.